प्रवासी सोडून मालाकडे : वैमानिकांपुढचा पेच

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील विमानतळांवर जो गोंधळ उडाला, त्याची चर्चा प्रामुख्याने प्रवाशांच्या हालअपेष्टांभोवती फिरली. ते स्वाभाविकही होते. ३ ते ५ डिसेंबर या अवघ्या तीन दिवसांत इंडिगोची अडीच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी ठिकठिकाणी अडकून पडले. चंडीगडही त्याला अपवाद नव्हते. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा पहिला टप्पा १ जुलै २०२५ ला आणि दुसरा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. तरीही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीला त्यांच्यासाठी पुरेसे मनुष्यबळ उभे करता आले नाही. अखेर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, त्या कंपनीला रात्रीच्या उड्डाणांसंबंधीच्या काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. नियम पाळण्याची तयारी नसलेल्याला सवलत मिळाली आणि ज्यांच्या विश्रांतीसाठी नियम केला होता, त्यांना आणखी वाट पाहण्यास सांगण्यात आले.

या घटनाक्रमाचा एक परिणाम फारसा चर्चिला गेला नाही. प्रवासी वाहतुकीतील रोस्टरला कंटाळलेल्या वैमानिकाला मालवाहतूक हा पर्याय आकर्षक वाटू लागतो. तेथे प्रवाशांचा कोलाहल नाही, विलंब झाला म्हणून विमानाच्या दारात उभे राहून कोणी जाब विचारत नाही, आणि महासाथीच्या काळात सारे आकाश ओस पडले असताना मालवाहू विमाने उडतच होती, ही आठवण अजून ताजी आहे. हा विचार करणाऱ्या वैमानिकाची निवड वरवर वैयक्तिक दिसते. प्रत्यक्षात भारतात ती एका धोरणावर लावलेली पैज ठरते : हा देश स्वतःची मालवाहू विमानसेवा खरोखर उभारणार आहे काय, आणि उभारलीच तर रात्री उडणाऱ्या माणसाच्या झोपेची किंमत प्रवासी विमानातील वैमानिकाच्या झोपेइतकीच धरणार आहे काय?

आकर्षणाची कारणे

ज्या पिढीचे वैमानिक आज चाळिशीत आहेत, त्यांनी २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर येताना पाहिली, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान उतरताना पाहिले आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबलेली अनुभवली. नोकरी कितीही चमकदार असली, तरी कंपनी एका रात्रीत नाहीशी होऊ शकते, हा धडा त्यांनी पगाराच्या थकबाकीतून शिकला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा प्रवासी विमाने उभी राहिली. वैमानिकांवर बिनपगारी रजेची पाळी आली. इंडिगोने त्या वर्षी जुलैमध्ये दहा टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याच वेळी ‘लाइफलाइन उडान’ उपक्रमाखाली औषधे आणि वैद्यकीय साहित्य घेऊन विमाने देशभर फिरत होती. ७ एप्रिल २०२० रोजी स्पाइसजेटने दिल्ली-चेन्नई मार्गावर चक्क प्रवाशांच्या आसनांवर माल ठेवून उड्डाण केले. त्या महिन्यांत त्या कंपनीत ज्यांना मालाची उड्डाणे मिळाली, त्यांना उड्डाणाच्या तासांप्रमाणे पैसे मिळाले. इतरांचे हात रिकामे राहिले.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत या क्षेत्रात हालचालही दिसली. २०२२ मध्ये दिल्लीच्या प्रधान एअर एक्स्प्रेसने प्रवासी विमानाचे मालवाहू रूपांतर केलेले एअरबस ए-३२० सेवेत आणले. इंडिगोने त्याच वर्षी ए-३२१ जातीचे रूपांतरित विमान घेतले. जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनने हैदराबाद येथे आपली भारतातील हवाई मालवाहतूक सुरू केली. बंगळुरूच्या क्विकजेट कंपनीची बोइंग ७३७-८०० विमाने त्यासाठी उडू लागली. घरबसल्या खरेदी करणारा मध्यमवर्ग वाढत असताना या धंद्याला भवितव्य आहे, असे वाटणे वावगे नव्हते.

आकडे काय सांगतात

तथापि, पैज लावण्यापूर्वी फळी किती रुंद आहे, ते पाहावे लागते. भारतीय कंपन्यांकडील निव्वळ मालवाहू विमानांची एकूण संख्या आजही तीसच्या आत आहे. एकट्या इंडिगोच्या ताफ्यात चारशेहून अधिक प्रवासी विमाने आहेत. जून २०२३ मध्ये तिने आणखी ५०० विमानांची मागणी एकाच वेळी नोंदवली, तर एअर इंडियाने त्याच वर्षी ४७० विमानांची. दुसरीकडे अमेरिकेच्या फेडेक्सकडे लहान-मोठी मिळून सुमारे सातशे मालवाहू विमाने आहेत, आणि चीनच्या एसएफ एअरलाइन्स या एका कंपनीकडे ऐंशीहून अधिक. म्हणजे आपल्याकडे प्रवासी वाहतुकीतील एखाद्या सहवैमानिकाला कमांडरची जागा मिळण्यासाठी ताफ्याच्या वाढीचा जो जोर पाठीशी असतो, तो मालवाहतुकीत जवळजवळ नाही. जागा रिकामी होते ती कोणी निवृत्त झाला किंवा सोडून गेला तरच.

देशात माल वाढत नाही, असे मात्र नव्हे. २०२४-२५ मध्ये भारतीय विमानतळांवरून सुमारे ३७ लाख टन मालाची वाहतूक झाली, आणि २०३० पर्यंत हा आकडा १०० लाख टनांवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. परंतु देशांतर्गत मालाचा मोठा भाग प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. आंतरराष्ट्रीय मालाचा मोठा वाटा परदेशी कंपन्या उचलतात. १९९० च्या दशकापासूनच्या खुल्या आकाशाच्या धोरणाने त्यांना जवळपास मुक्तद्वार होते. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने परदेशी कंपन्यांच्या अनियमित मालवाहू उड्डाणांना दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा विमानतळांपुरते मर्यादित केले. स्वदेशी कंपन्यांना वाव मिळावा, हा हेतू होता. पण परक्याचे दार लोटून घेतले म्हणून आपले दुकान आपोआप उघडत नाही. विमान भाड्याने घेण्याचा खर्च, इंधनावरील राज्यांचा कर, रात्री धावपट्टी मिळण्याची अडचण आणि परतीच्या फेरीत रिकामे जाणारे विमान, हे प्रश्न जागच्या जागी राहिले.

महाराष्ट्राने हा इतिहास जवळून पाहिला आहे. ३० जानेवारी १९४९ पासून नागपूर हे रात्रीच्या हवाई टपालाचे केंद्र बनले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या शहरी परतत. फेडेक्सने मेम्फिस येथे हीच कल्पना घेऊन धंदा सुरू केला तो १९७३ मध्ये. कल्पना आपल्याकडे चोवीस वर्षे आधी होती. तिच्याभोवती उद्योग उभा राहिला नाही. साठ वर्षांनी, २००९ मध्ये, एअर डेक्कनचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ यांनी त्याच नागपूरला केंद्र मानून डेक्कन ३६० ही मालवाहू सेवा सुरू केली. २०११ मध्ये ती बंद पडली. हैदराबादच्या फ्लाइंग्टन फ्रेटर्सने मोठ्या विमानांची मागणी नोंदवली, पण तिचे एकही विमान उडाले नाही. १९९६ पासून सातत्याने टिकून राहिली ती प्रामुख्याने ब्लू डार्ट. आणि ती आज जर्मनीच्या डीएचएल समूहाच्या नियंत्रणाखाली आहे, म्हणजे तिच्यामागे जगभराचे कुरियर जाळे आहे. भारतात मालवाहू विमानसेवा तगते ती घरोघरी पोहोचणाऱ्या जाळ्याच्या आधाराने. केवळ विमाने घेऊन माल शोधणारी तगत नाही, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो.

स्थैर्याची समजूतही तपासून घ्यावी लागेल. महासाथीत मालाचे दर गगनाला भिडले होते. पण प्रवासी विमाने परतताच त्यांच्या पोटातील जागाही परतली आणि दर कोसळले. २०२३ च्या शरद ऋतूत फेडेक्सने आपल्याच वैमानिकांना अमेरिकन एअरलाइन्सच्या पीएसए या उपकंपनीत नोकरी धरण्याचा विचार करावा, असे सुचवले. जगातील सर्वांत मोठ्या मालवाहू ताफ्यातून लहान प्रवासी विमानांकडे! म्हणजे चक्र दोन्हीकडे फिरते. मालाचा काळ चांगला असतो तेव्हा प्रवासी क्षेत्र आजारी असते, एवढाच त्याचा अर्थ. तो कायमचा आसरा नव्हे.

रात्रीचे गणित

खरा प्रश्न मात्र पगारापेक्षा झोपेचा आहे. कुरियरचा धंदा रात्री चालतो, कारण संध्याकाळी गोळा केलेले पार्सल सकाळी दारात पोहोचवायचे असते. मानवी शरीराची सर्वांत ढिली अवस्था पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान येते, आणि मालवाहू वैमानिकाच्या कामाचा गाभा नेमका तोच आहे. डीजीसीएच्या नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली आणि रात्रीच्या सेवेतील लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. दिवसा उडणाऱ्यासाठी हे नियम दिलासा आहेत. रात्रीवरच जगणाऱ्या धंद्यासाठी ते थेट खर्च आहेत. म्हणूनच मालवाहतुकीला वेगळी, सैल मोजपट्टी लावण्याचा मोह आज ना उद्या होणारच.

हा मोह अमेरिकेला आवरला नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन कंपनीचे प्रवासी विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला आणि वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यातून विश्रांतीचे कडक नियम तयार झाले. ते जानेवारी २०१४ पासून लागू झाले. पण मालवाहू कंपन्यांना त्यांतून वगळण्यात आले. त्यांना नियम लावल्यास होणारा खर्च वाचणाऱ्या जिवांच्या किमतीपेक्षा अधिक पडतो, असा हिशेब नियामकाने मांडला. मागे प्रवासी बसलेले नसल्याने या तागडीत दोनच जीव होते, ते हलके ठरले.

नियम लागू होण्यापूर्वी काही महिने, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, यूपीएसचे एअरबस ए-३०० अलाबामातील बर्मिंगहॅम येथे धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि दोन्ही वैमानिक ठार झाले. चौकशीत इतर चुकांबरोबर थकव्याचाही उल्लेख आला. त्या उड्डाणापूर्वी हे दोघे प्रवासी आणि मालवाहू वैमानिकांच्या विश्रांतीतील याच भेदाविषयी बोलत होते, हे कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणातून जगाला कळले. आणि विमानात प्रवासी नसतात म्हणून धोका केवळ वैमानिकांपुरता राहतो, हेही खरे नाही. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी लुइव्हिल येथे यूपीएसचे एमडी-११ उड्डाण घेतानाच कोसळले, तेव्हा विमानातील तिघांव्यतिरिक्त जमिनीवरील अनेक जण मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेत थकव्याचा नव्हे, तर इंजिन पंखापासून निखळल्याचा मुद्दा पुढे आला. तीन दशकांहून जुने ते विमान मुळात प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेले होते. मालवाहतुकीत येणारे विमान बहुधा आपले पहिले आयुष्य संपवून आलेले असते. २०१० मध्ये दुबईजवळ लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला लागलेली आग आणि २०१३ मध्ये बगराम येथे मागे सरकलेल्या लष्करी वाहनांमुळे कोसळलेले बोइंग ७४७ हेही या पेशाचेच खास धोके आहेत. भारताने अमेरिकेचे अनुकरण अनेक बाबतींत करावे. या बाबतीत करू नये. विश्रांतीचा हक्क कॉकपिटमधील माणसाचा आहे, मागच्या आसनांच्या संख्येवर तो अवलंबून असू नये.

दार उघडे आहे, पण कुलूपही आहे

समजा, एखाद्या वैमानिकाने सारे तोलून निर्णय घेतला. तरी तो सहजासहजी निघू शकत नाही. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कमांडरला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कोणतीही कंपनी एक वर्षानंतरच्या जागेचे वचन आज देत नाही. मालवाहू कंपनी तर नाहीच, कारण तिचे विमान भाडेपट्ट्यावर कधी येईल, हे तिलाच ठाऊक नसते. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले, तेव्हा कंपनीने न्यायालयाचे दार ठोठावले. नोकरीच्या करारात आपण हस्तक्षेप करू शकत नाही, अशी भूमिका डीजीसीएने त्या वेळी घेतली. ज्या संस्थेने नोटिशीचा कालावधी स्वतः ठरवून दिला, तिनेच कराराच्या पेचात हात झटकावेत, हे तर्काला धरून नाही.

परतीच्या वाटेचाही विचार करायला हवा. इंडिगोचे ए-३२१ मालवाहू विमान चालवणाऱ्याचे टाइप रेटिंग प्रवासी ए-३२० ला चालते. ७३७-८०० चालवणाऱ्यालाही एअर इंडिया एक्स्प्रेस, स्पाइसजेट किंवा अकासाकडे, थोड्या प्रशिक्षणानंतर, परतता येते. पण ब्लू डार्टच्या ताफ्याचा मोठा भाग असलेले बोइंग ७५७ भारतात एकही प्रवासी कंपनी वापरत नाही, आणि त्याचे उत्पादन २००४ मध्येच थांबले. त्या विमानावर दहा वर्षे काढलेल्याला परतायचे तर नवे रेटिंग घ्यावे लागेल. शिवाय ज्येष्ठता नव्या कंपनीत सोबत येत नाही. चाळिशीतला माणूस पुन्हा यादीच्या तळाशी उभा राहतो. दूरच्या क्षितिजावर आणखी एक सावली आहे. अमेरिकेत रिलायबल रोबोटिक्स ही कंपनी सेस्ना कॅराव्हॅन या छोट्या विमानाचे स्वयंचलित उड्डाण घडवण्याच्या मागे आहे, आणि मालवाहतूक हेच तिचे पहिले लक्ष्य आहे. एका वैमानिकावर मोठे विमान सोपवण्याच्या कल्पनेला युरोपच्या नियामकाने सध्या सुरक्षिततेच्या कारणावरून थोपवले आहे. पण प्रयोग जेव्हा होतील, तेव्हा ते प्रवासी नसलेल्या विमानांतच आधी होतील.

चंडीगडची शिकवण

या प्रश्नाकडे चंडीगडहून पाहण्याला विशेष अर्थ आहे. या शहराने मालवाहू उड्डाण हे दुय्यम काम मानले नाही. लडाखचा हिवाळ्यातील हवाई पूल सहा दशकांहून अधिक काळ प्रामुख्याने येथूनच उभा आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये एएन-१२ विमानांनी एएमएक्स रणगाडे येथून चुशुलला नेले. आज एएन-३२, आयएल-७६ आणि चिनूक हेच काम करतात. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहला निघालेले एएन-१२ रोहतांगच्या परिसरात १०२ जणांसह हरवले. त्यांतील काहींचे अवशेष २००३ पासून हाती येऊ लागले, चार जणांचे तर २०२४ मध्ये, म्हणजे छप्पन्न वर्षांनी, सापडले. रसद पोहोचवणाऱ्या वैमानिकाचे काम किती मोलाचे आणि किती जोखमीचे असते, हे चंडीगड, मोहाली आणि पंचकुला येथील निवृत्त हवाई दलाच्या घरांत सांगावे लागत नाही.

पण याच शहरात नागरी मालवाहतुकीची दुसरी बाजूही दिसते. सुमारे ४० किलोमीटरवर बद्दी हे देशातील औषधनिर्मितीचे मोठे केंद्र आहे. लुधियानाचे कपडे आणि हिमाचलची सफरचंदे याच टापूतून जातात. तरीही निर्यातीचा बराच माल रस्त्याने अडीचशे किलोमीटरवरील दिल्ली गाठतो. शहीद भगतसिंग आंतरराष्ट्रीय विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे. २०१५ मध्ये उभे राहिलेले टर्मिनल केंद्रीय प्राधिकरण, पंजाब आणि हरियाणा यांच्या भागीदारीचे आहे. पूर्ण वेळ उड्डाणे आणि आंतरराष्ट्रीय सेवा मिळवण्यासाठी मोहालीच्या उद्योजकांना उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे झगडावे लागले. मालवाहू विमान येथे रात्री नियमित उतरत नाही, तोवर येथील वैमानिकाला या पेशासाठी घर सोडून चेन्नई, बंगळुरू किंवा आखाताकडे जावे लागेल.

मग धोरण काय असावे? पहिले, डीजीसीएने विश्रांतीचे नियम प्रवासी आणि मालवाहू अशा दोन्हींना समान राहतील, हे निःसंदिग्धपणे सांगावे आणि सवलत द्यायचीच तर थकव्याचे शास्त्रीय मोजमाप प्रसिद्ध करूनच द्यावी. दुसरे, नोटिशीचा कालावधी दोन्ही पदांसाठी कमी करून त्याच्या बदल्यात प्रशिक्षणाच्या खर्चाची वाजवी भरपाई ठरवावी; बांधून ठेवलेला थकलेला वैमानिक कोणाच्याच हिताचा नाही. तिसरे, शंभर लाख टनांचे उद्दिष्ट केवळ विमानतळांच्या गोदामांतून गाठता येणार नाही. नागपूर, चंडीगड यांसारख्या ठिकाणी रात्रीच्या धावपट्टीची हमी आणि इंधनावरील कराची सवलत मालवाहू उड्डाणांना मिळायला हवी.

तोवर विचारात पडलेल्या वैमानिकाने नव्या कंपनीला तीन प्रश्न जरूर विचारावेत : तुमच्या विमानामागे माल कोणाचा आणि किती वर्षांच्या कराराने आहे, या विमानाचे रेटिंग मला उद्या कोठे उपयोगी पडेल, आणि महिन्यातील किती पहाटे मी जागा असेन? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कंपनीने द्यायची आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र सरकारच्या नियमपुस्तिकेत असले पाहिजे, आणि ते कंपनीगणिक बदलता कामा नये.